मुक्या गाडीची बॅटरी

माझ्या मामाला आमच्या भागात नावाने कोणी ओळखत नाही. ‘मुके मास्तर’ कुठे राहतात म्हणून विचारा, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला हातातली इस्त्री खाली न ठेवता हनुवटीने दिशा दाखवेल. खरं तर मामा मुका मुळीच नाही. एकदा बोलायला लागला की त्याचं वाक्य कुठे संपतं ते कळायला वळणावर लावतात तसा आरसा लावावा लागेल. मुकी आहे ती त्याची गाडी. मामा लोकांना गाडी चालवायला शिकवतो आणि त्या गाडीचा हॉर्न कधीच वाजवत नाही.

समोर हातगाडी आडवी आली की मामा थांबतो. दोन बायका रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून एकमेकींच्या सुनांवर निकाल देत असल्या, तरी मामा थांबतो. मागचे पीं-पीं करतात, शेजारचे टँव-टँव करतात, कोणीतरी काच खाली करून विचारतं, "ओ काका, उठवू का घरी फोन करून?" मामा आरशात बघून मान किंचित झुकवतो, जणू मागच्याने तब्येतच विचारलीय. मग शेजारी स्टिअरिंग धरून घामाघूम झालेल्या शिकाऊ माणसाला पाळण्यातलं मूल उठू नये इतक्या हलक्या आवाजात सांगतो, "घाई कोणाला आहे? त्यांना. आपल्याला काय आहे? आपल्याला पाय आहे. पाय कुठे आहे? ब्रेकवर. मग झालं तर."

त्याची शाळा म्हणजे एका शिंप्याच्या दुकानावरची खोली. खालून शिलाई मशीनची खडखड सतत वर येते, त्यामुळे त्या खोलीत उभं राहिलं की चालू इंजिनावर उभं राहिल्यासारखं वाटतं. फरशीवर मामाने पांढऱ्या रंगाने चौक आखलाय. त्यावर खेळण्यातल्या गाड्या. एका गाडीचं चाक गेलंय, ती कायम उजवीकडे ओढते. मामा तिला फेकत नाही. म्हणतो, रस्त्यावर अशा माणसांचीही सवय पाहिजे.

त्याच्याकडे येतात ते बहुतेक दुसऱ्या शाळांनी हात टेकलेले विद्यार्थी. दातांच्या एक डॉक्टरीणबाई आहेत. माणसाच्या जबड्यात सुई घालताना त्यांचा हात इंचभर हलत नाही, पण मागून कोणी हॉर्न वाजवला की पाय क्लचवरून निसटतो आणि गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडते. मग त्या स्वतःच गाडीची समजूत काढतात, "काही नाही हं, जरासं दाबल्यासारखं वाटेल." एक निवृत्त हेडमास्तर आहेत. लाल दिवा लागला की ते मागे वळून मागच्या गाड्यांवर डोळे वटारतात, हजेरी घ्यायला उभे राहिल्यासारखे. दिवा हिरवा होतो, मागे बोंबाबोंब सुरू होते, तरी यांची नजर मागेच. मामा म्हणतो, "सर, वर्ग सुटला."

मामाला हे लोक कळतात, कारण तो स्वतः त्यातलाच. तरुणपणी परवान्याच्या परीक्षेला गेला होता तेव्हा चढावर गाडी उभी केली, मागून कोणीतरी ठणाणा हॉर्न वाजवला आणि मामाची गाडी मागे घसरली ती थेट परीक्षक उभे होते तिथे. परीक्षक वाचले, मामा नापास झाला. पुढच्या वेळीही तेच. माझी आई त्याची मोठी बहीण. ती हे सांगते तेव्हा प्रश्न विचारते तीच आणि उत्तर देते तीच. "घरी आला तेव्हा तोंड कसं होतं? उकडलेल्या बटाट्यासारखं. जेवला का? नाही जेवला. मी काय म्हटलं? म्हटलं, बाळ्या, गाडी नाही आली तर मरतोस का? तर म्हणतो, अक्के, गाडी येते गं, लोक चालवू देत नाहीत."

तेव्हाच म्हणे त्याने कानाला खडा लावला. आपण कोणाला असं दचकवायचं नाही.

आता या गोष्टीत घोळ एवढाच, की या माणसाची सख्खी बहीण ज्यांना दिली, ते माझे बाबा हॉर्न विकतात.

बाबांचं दुकान गाड्यांच्या सुट्या सामानाचं आहे. पुसायची फडकी आहेत, सीटची कव्हरं आहेत, आरसे आहेत, पण मागची सगळी भिंत हॉर्नची. गोल, चपटे, कर्ण्यासारखे, गोगलगायीसारखे. खाली बटणांची फळी. गिऱ्हाईक आलं की बाबांच्या अंगात येतं. "ऐका, ऐका. हा नम्र." पीं. "हा ठाम." पों-पों. "आणि हा, म्हणजे आता बोलणं संपलं म्हणायचं." टँऽऽव. शेजारचा चष्मेवाला तिसरा हॉर्न वाजला की चष्म्याची काच पुसायची थांबवतो आणि ती पडली नाही याची खात्री करून पुन्हा पुसायला लागतो. इतकी वर्षं हॉर्नच्या मागे उभे राहून बाबांचा आवाजही चढलाय. घरात मीठ मागितलं तरी रस्ता मोकळा करून मागितल्यासारखं वाटतं. आणि त्यांच्या हाताला एक खोड आहे. दुकानात वायर जोडा, फ्यूज घाला, बॅटरी बसवा, काम झालं की बाबा एकदा हॉर्न वाजवणार. वाजला की काम पक्कं. त्यांच्या लेखी तीच पावती.

मामा रविवारी आमच्याकडे जेवायला येतो. असंच एकदा जेवताना बाबा म्हणाले, "मेव्हणे, हॉर्न म्हणजे गाडीची जीभ. तुम्ही जीभ कापून गाडी चालवता."

"दाजी, समोर माणूस आला तर गाडी थांबते ती जिभेने थांबते की पायाने?"

"पण सांगायला नको त्याला, की मी आलोय?"

"एवढी मोठी गाडी आहे. दिसत असेल."

"हे बोलायला ठीक आहे. अहो, हजार किलोमीटर तरी गेला असाल का खरोखर हॉर्न न वाजवता?"

"दहा हजार जाईन," मामा म्हणाला, आणि त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. बाबांनीही ठेवला. आईने दोघांचे पेले भरले, कारण आता हे लांबणार हे तिला कळलं.

पैज अशी ठरली. मामाच्या शाळेच्या गाडीचा हॉर्न दहा हजार किलोमीटर वाजता कामा नये. मामाच्या हातून नाही, शिकाऊ माणसाच्या हातून नाही. जमलं, तर बाबांनी मामाच्या वर्गात बसायचं, पहिल्या धड्यापासून, शिकाऊची पाटी लावलेल्या गाडीत, आणि ती गाडी आपल्या दुकानासमोरून न्यायची. नाही जमलं, तर मामाने बाबांच्या दुकानातला तीन सुरांचा हॉर्न त्या गाडीवर बसवायचा आणि रोज शिकवताना वाजवायचा. पंच आई.

"आणि तोंडी काही चालणार नाही," बाबा म्हणाले. "मीटरवर दिसलं पाहिजे."

गाडीत एकूण किलोमीटर दाखवणारा आकडा असतो तो असतोच, शिवाय एक छोटा मीटर असतो, आपल्याला हवा तेव्हा शून्यावर आणता येतो. मामाने सगळ्यांना गाडीपाशी नेऊन तो शून्यावर आणला. बाबांनी वाकून शून्य तपासलं, चष्मा काढून पुन्हा तपासलं.

मामाने खोटं सांगितलं असतं तर कोणाला कळलं असतं? पण मामा खोटं बोलत नाही, ही सगळ्या घराला ठाऊक असलेली अडचण. आणि शब्द दिला तर पाळतो, ही त्याहून मोठी. हरला असता तर तो तीन सुरांचा भोंगा त्याने निमूटपणे गाडीवर बसवला असता. मग डॉक्टरीणबाई काय, हेडमास्तर काय, ज्या आवाजाला घाबरून ते मामाकडे आले, तोच आवाज त्यांच्या मांडीसमोरून निघाला असता. शाळा चालली असती, पण ती मामाची उरली नसती. मामा हे कधी बोलला नाही. एकदा फक्त आईला म्हणाला, "अक्के, मी उगाच बोलून बसलो काय गं?" आणि आई म्हणाली, "बसलास का? बसलास. आता ऊठ आणि चालव."

तो चालवत राहिला. शिकाऊ लोकांना सांगून ठेवलं होतं, हात घड्याळातल्या दहा आणि दोनवर, मधे हॉर्नवर कोणी जायचं नाही. मधे म्हणजे शेजाऱ्याचं अंगण. हेडमास्तरांचं कोपर एकदा शेजाऱ्याच्या अंगणापर्यंत गेलं होतं. मामाने ते वरच्यावर झेललं, मुलीच्या हातातून पडणारा काचेचा ग्लास झेलतात तसं. रविवारी बाबा दारातच विचारायचे, "कुठवर?" मामा आकडा सांगायचा. बाबा हं म्हणायचे. महिन्यामागून महिने गेले आणि तो हं बारीक बारीक होत गेला.

दहा हजाराला थोडेच किलोमीटर उरले होते, तेव्हा मामाची गाडी सकाळी सुरू होईना. किल्ली फिरवली की खर्र, खर्र, मग नुसतीच टक. कशीबशी ढकलून सुरू केली आणि मामा ती थेट आमच्या फाटकाशी घेऊन आला. इंजिन बंद करायलाही घाबरत होता.

बाबांनी बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी साठली होती, कडेने पाणी झिरपल्यासारखी. बाबांनी बोटाने टकटक केलं. "म्हातारी गेली. नवी घाला. दहा मिनिटांचं काम."

"ते खरं," मामा म्हणाला, "पण बॅटरी काढली की मीटर शून्य होईल ना, दाजी."

बाबांनी बॉनेटवरचा हात काढला.  आई फाटकात उभी होती. तिने नवऱ्याकडे अशी नजर टाकली की मी त्यांच्या जागी असते तर तिथल्या तिथे बॅटरी होऊन गाडीत बसले असते.

"घड्याळ पण जाईल," बाबा म्हणाले. "रेडिओची स्टेशनं जातील."

"घड्याळ लावता येतं."

"हं." आणि मग बाबा असं बोलले की आईच्या भुवया वर गेल्या. "ठरलं ते ठरलं, मीटरवर दिसलं पाहिजे. पण बॅटरीने माणसाला हरवायचं, यात माझी काय मजा? एक बाई आहेत. वीज न तोडता बॅटरी बदलतात. बोलावतो."

बॅटरीवाल्या ताई स्कूटरवरून आल्या. पायांशी नवी बॅटरी, पाठीवर पिशवी, डोक्यावर हेल्मेट. हेल्मेट काढलं, पण बोलणं हेल्मेटच्या आतूनच आल्यासारखं, दबक्या आवाजात, आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तसं. "घरचे कोण कोण? बाकीचे मागे." बाकीचे म्हणजे इस्त्रीवाला आणि दोन शेजारी. ते मागे गेले, म्हणजे माना पुढे ठेवून पाय मागे नेले.

"काय वाचवायचंय?" ताईंनी विचारलं.

"छोटा मीटर," मामा म्हणाला. त्याने सगळी कथा सांगितली. लांबलचक. ताईंनी ऐकून घेतली.

"दहा हजार तुम्हाला दिसणारच नाही, दादा. या गाडीच्या मीटरला टिंबाच्या आधी चारच घरं आहेत. नऊ हजार नऊशे नव्याण्णव झाले की पुढे शून्य. बघणारा त्या वेळी गाडीत बसलेला पाहिजे."

मामा आणि बाबा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एवढे महिने पैज चालली होती आणि हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"ते नंतर," ताई म्हणाल्या. "आधी पेशंट. हे बघा, नवी बॅटरी बसेपर्यंत याला झोप लागू द्यायची नाही. मी दुसऱ्या बॅटरीची वायर जोडणार, तिच्यावर तो जागा राहील. पण ती छोटी आहे. दार उघडलं की आतला दिवा लागतो, तो वीज खातो. म्हणून दार उघडायचं नाही. किल्ली खिशात. काच एकीकडची खाली करून ठेवा, नाहीतर कुलूप आपोआप लागलं तर आपण सगळे बाहेर. आणि सगळ्यांनी हात पाठीमागे."

"सगळ्यांनी?" बाबा म्हणाले.

"तुम्ही आधी."

बाबांनी हात मागे बांधले. मामाने बांधले. आईनेही बांधले, आणि पलीकडे इस्त्रीवाल्यानेही, त्याला कोणी सांगितलं नसताना.

ताईंनी गाडीच्या चालकाकडची काच खाली केली, इंजिन बंद केलं, किल्ली मामाच्या खिशात गेली. पिशवीतून छोटी बॅटरी निघाली, डब्याएवढी, तिला दोन वायरी, एक लाल, एक काळी, टोकांना दात असलेले चिमटे. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर गाडीच्या जाड वायरींची धातूची कडी घट्ट बसलेली असतात. ताईंनी पांढरी भुकटी ब्रशने झाडली आणि चिमटे त्या कड्यांना लावले, टोकांना नाही. "टोक जुन्या बॅटरीबरोबर जाणार. कडं गाडीपाशी राहणार. आपण गाडीला धरून राहायचं."

मग पान्हा. काळं कडं सैल केलं, हलकेच वर उचलून बाजूला ठेवलं, चिमट्यासकट. लाल कडं सैल केलं, वर उचललं आणि त्यावर रबरी हातमोजा ओढला. "हे आता जिवंत आहे. लोखंडाला लागलं तर ठिणगी, आणि तुमचा मीटर गेला." बॅटरी धरून ठेवणारी पट्टी सोडवली. जुनी बॅटरी जड, तिला दोन्ही हात लागतात. ताईंनी ती दोन्ही हातांनी धरून वर ओढली आणि ती निघताना तिच्या कडेने लाल वायरीला जरासा धक्का बसला.

ताईंना ते दिसलं नाही, त्यांच्या डोळ्यांसमोर बॅटरी होती. मामाला दिसलं नाही, तो ताईंच्या चेहऱ्याकडे बघत होता. दिसलं ते बाबांना. हातमोज्याखाली चिमट्याचे दात कड्यावरून सरकत होते. अर्धे सुटलेही होते.

बाबांनी काही केलं नसतं तरी कोणी त्यांना बोल लावला नसता. हात पाठीमागे ठेवायला तर ताईंनीच सांगितलं होतं.

"ताई," बाबा म्हणाले. "लाल सुटतंय." इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना जन्मात ऐकलं नव्हतं.

"धरा," ताई तशाच, बॅटरी छातीशी घेऊन म्हणाल्या. "मोज्यावरूनच. दाबून. हलू नका."

बाबांनी धरलं. वाकून, एक पाय दुमडून, शिंक दाबून धरावी तसा चेहरा करून. ताईंनी जुनी खाली ठेवली, नवी उचलली, खोबणीत बसवली, पट्टी आवळली. मामाच्या ओठांवर घाम आला होता. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "दाजी, पाय दुखत असेल तर मी धरतो," आणि बाबा दातांतून म्हणत होते, "मेव्हणे, बोलू नका, माझ्या हाताला ऐकू येतं."

ताईंनी बाबांच्या हातातून लाल कडं घेतलं, तसे त्यांचे हात पुन्हा पाठीमागे गेले; ते कडं ताईंनी नव्या टोकावर बसवून पान्ह्याने आवळलं. मग काळं. मग चिमटे काढले, एकेक, आणि गाडीला कान लावल्यासारखं जरा थांबल्या.

"किल्ली लावा. दार आता उघडलं तरी चालेल."

मामाने दार उघडून किल्ली लावली, अर्धी फिरवली आणि आत डोकावला. कितीतरी वेळ तसाच. आई म्हणाली, "दिसतंय का? बोलत का नाहीस?" मामा म्हणाला, "आहे." आणि बाहेर येऊन गाडीला टेकून उभा राहिला. "आहे गं अक्के. होता तसा आहे. चौदा किलोमीटर उरलेत."

सगळे एकदम बोलायला लागले. ताई पान्हा पुसत म्हणाल्या, "सोडा आता हात."

बाबांचे हात सुटले. इतका वेळ बांधलेले, अवघडलेले, आणि आता काम फत्ते झालेलं. बाबांचा चेहरा असा फुलला होता की जणू नवी बॅटरी त्यांनाच बसवलीय. ते दोन पावलं पुढे आले, उघड्या काचेतून हात आत घातला आणि जे ते दुकानात रोज करतात तेच केलं.

पों-पों.

ठणठणीत वाजला. किती तरी महिने गप्प बसलेला हॉर्न, वर नवी बॅटरी.

इस्त्रीवाल्याने पाठीमागे बांधलेले हात आणखी घट्ट बांधले. बाबांचा हात काचेतच राहिला. तो बाहेर काढावा की तिथेच सोडून जावं, हे त्यांना कळत नव्हतं.

"पक्कं बसलंय," ताई म्हणाल्या, आणि मग त्यांना आठवलं. त्या हेल्मेट शोधायला लागल्या.

आधी मामाच बोलला. "वाजला."

"वाजला नाही," बाबा म्हणाले. "मी वाजवला."

"पण गाडीचा हॉर्न वाजता कामा नये असं ठरलं होतं, दाजी."

"तुमच्या हातून. शिकाऊ माणसाच्या हातून. मी कोण? मी दोन्ही नाही."

"शब्दांत कशाला जायचं? वाजला तो वाजला. तुम्ही जिंकलात."

"मी नाही जिंकलो," बाबा तावातावाने म्हणाले. "उभ्या गाडीचा हॉर्न हा हॉर्न नसतो. दाराची घंटा असते ती. रस्त्यावर कोण होतं? कोण दचकलं?"

"मी दचकलो," इस्त्रीवाला म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो."

असं भांडण मी कधी पाहिलं नव्हतं. मामा बाबांची बाजू मांडत होता, बाबा मामाची, आणि दोघेही हरायला कमरेचा पट्टा आवळून उभे. मामाचा आवाज मात्र खाली खाली जात होता. त्याला तो भोंगा दिसत होता, गाडीच्या नाकावर बसलेला.

आईने हात पाठीमागून सोडले. "पंच कोण? मी. वाजवला कोणी? यांनी. मग फेडणार कोण? हेच फेडणार. उरलेले चौदा किलोमीटर बाळ्या चालवणार नाही, हे चालवतील. त्यात यांच्या हातून हॉर्न वाजला, तर बाळ्या हरला, बसवेल तुमचा भोंगा. नाही वाजला, तर बाळ्या जिंकला."

"अगं, पण माझ्या हाताची सवय—" बाबा म्हणाले.

"माहीत आहे," आई म्हणाली. "म्हणूनच."

मामा शेजारी बसला, शिकवणाऱ्याच्या जागेवर. आई आणि मी मागे. बाबांनी स्टिअरिंग धरलं ते फडक्याशिवाय तापलेलं पातेलं धरल्यासारखं. गल्ली संपायच्या आत एक कुत्रं आलं आणि बाबांचा उजवा अंगठा हॉर्नकडे निघाला. मामाने नुसतं म्हटलं, "अंगठा." तो परत गेला. पुढे एक सायकलवाला डावीउजवीकडे डुलत चालला होता, कुठल्या बाजूला जायचं ते घरी जाऊन ठरवणार असल्यासारखा. "अंगठा, दाजी." परत गेला. "पाय कुठे आहे?" "आहे हो ब्रेकवर, आहे." "मग झालं तर."

बाबांच्या कपाळावरून घामाची धार गालापर्यंत आली. हात सोडून पुसायची त्यांना हिंमत होत नव्हती, आईने मागून पदराने पुसली.

बाजारापाशी दोन माणसं एक लांब सोफा रस्ता ओलांडून नेत होती. बरोबर मधोमध आल्यावर मागच्याने सोफा खाली ठेवला. हात बदलायचा असेल म्हणून आम्ही थांबलो. त्याने हात बदलला नाही, तो सोफ्यावर बसला. पुढचा म्हणाला, "अरे ऊठ." तो म्हणाला, "दोन मिनिटं. कंबर."

बाबांचे दोन्ही अंगठे एकदम निघाले.  मी आरशात मामाचा चेहरा पाहिला. तो डोळे मिटून बसला होता.

अंगठे हवेतच थांबले. तेवढ्यात आमच्या मागे सुरू झालं. पीं. मग पों-पों. मग शेजारून टँऽऽव, असा की काच थरथरली. बाबांनी मान तिरकी केली.

"हा माझ्याकडचा," ते म्हणाले. "मागचा. हा नम्र."

पीं. पीं-पीं.

"नम्र असा ऐकू येतो होय?"

"पुढे बसलं की असाच येतो," मामा म्हणाला.

"हे मी कधी पुढे बसून ऐकलंच नव्हतं." टँऽऽव. बाबा दचकले, चक्क दचकले, आणि पाय ब्रेकवर आणखी घट्ट गेला. "हा पण माझाच. गेल्या महिन्यात नेला त्याने. मीच म्हटलं, घ्या, बोलणं संपवणारा आहे." त्यांनी खिडकीतून त्या गाडीकडे पाहिलं. अंगठे हळूच स्टिअरिंगच्या कडेवर जाऊन बसले, दहा आणि दोनवर. कंबरवाला उठला. सोफा निघाला. जाता जाता त्याने बाबांना हात केला, आणि बाबांनी मान झुकवली.

पुढे कालव्याच्या कडेचा रस्ता बराच मोकळा होता. मधे एक आजोबा पिशवी बदलत बदलत ओलांडत होते, बाबा थांबले. एक रिकामी बस वळत होती, बाबा थांबले. मामा मधूनच काही सांगायला तोंड उघडायचा आणि मिटायचा.  झाडांच्या सावल्या बॉनेटवरून सरकत होत्या.

"मेव्हणे," बाबा एकाएकी म्हणाले. "मीटर."

चौघेही पुढे वाकलो. शून्य. शून्याच्या पुढे टिंब, टिंबापुढे चार.

"झालं होय? कधी झालं? तुम्ही पाहिलंत?"

"मी तुमच्या हातांकडे बघत होतो."

"मी त्या आजोबांकडे. अगं, तू?"

"मी यांच्या कपाळाकडे," आई म्हणाली.

मी तर मामाच्या चेहऱ्याकडे बघत होते. म्हणजे कोणीच पाहिलं नाही. एवढे महिने ज्या आकड्यासाठी जीव टांगणीला लागला होता, तो आमच्या चौघांच्या नाकासमोरून उलटून गेला.

बाबांनी गाडी कडेला घेतली, इशारा देऊन, आरसा बघून. "मग आता पुरावा काय?"

"तुम्ही," मामा म्हणाला. "चालवत कोण होतं?"

 बाबांनी पँटला हात पुसले. "ठीक आहे. जिंकलात. पहिला धडा कधी?"

"पहिला आत्ता झाला. सोफ्यापाशी."

मामा खाली उतरला, बाजू बदलायला. चालकाच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि वाट बघू लागला. बाबा उतरले नाहीत. ते दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होते.

"तुम्ही बसा हो तिकडेच," ते म्हणाले. "पुलापर्यंत जाऊन वळवून आणतो. गाडी बरी आहे तुमची."

मामा परत फिरून शिकवणाऱ्याच्या जागेवर बसला, पट्टा लावला. त्याने सीट जरा मागे सरकवली आणि पाय लांब केले.